पातळीमापनातील अचूकतेचे वर्गीकरण

भूपृष्ठावरील निरनिराळ्या बिंदूंची एका ठरावीक आधारपातळीपासूनची उंची काढण्याच्या सर्वेक्षण-कार्यास पातळीमापन किंवा तलेक्षण म्हणतात. बांधकामाच्या जागी याच कामाला ‘लेव्हल घेणे’ म्हणण्याचा प्रघात आहे. काढलेली उंची कितपत विश्वसनीय आहे हे पाहून अशा कामांची जी प्रतवारी लावली जाते, तिला अचूकतेचे वर्गीकरण म्हणतात. उंचीचा आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत दिलेला असला, तरी तो कोणत्या प्रतीच्या मापनातून आला हे ठाऊक नसेल, तर त्याचा उपयोग कोठे करावा आणि कोठे करू नये हे ठरविता येत नाही. डोंगरमाथ्याच्या उंचीत एखाद्या मीटरचा फरक पडल्याने सहसा कोणाचे नुकसान होत नाही. परंतु खाडीकाठच्या सखल जमिनीत वीतभर फरक पडला, तरी उधाणाचे पाणी घरात शिरणार की नाही हे त्यावर ठरू शकते. नवी मुंबईतील बेलापूरजवळ पनवेल खाडीच्या काठी वसलेले दिवाळे हे कोळी वस्तीचे गाव आणि त्याच्या भोवतालचा भरावाचा प्रदेश हे याचे बोलके उदाहरण होय.

मूलतत्त्व : पातळीमापनाची क्रिया दिसावयास साधी आहे. दोन बिंदूंवर अंकित दंड उभे करतात व त्यांच्या मध्यावर दुर्बीण ठेवून तिची दृष्टिरेषा बुडबुड्याच्या साहाय्याने क्षितिजसमांतर करतात. मागील दंडावरील वाचनातून पुढील दंडावरील वाचन वजा केले की, दोन बिंदूंच्या उंचीतील फरक मिळतो. मग दुर्बीण पुढे नेऊन हीच क्रिया पुन्हा करतात. अशा शेकडो पायऱ्यांची बेरीज करीत रेषा एका तलचिन्हापासून, म्हणजेच व्यवहारातील ‘बेंच मार्क’पासून, दुसऱ्या तलचिन्हापर्यंत नेली जाते. गवंड्याची पाणसळ आणि सर्वेक्षकाची दुर्बीण यांचे तत्त्व एकच आहे. भेद आहे तो अंतराचा व त्यासोबत साचत जाणाऱ्या त्रुटींचा.

या त्रुटी दोन प्रकारच्या असतात. दंड वाचताना डोळ्याची होणारी सूक्ष्म गफलत, वाऱ्याने होणारे कंपन, तापलेल्या हवेतील थरथर यांमुळे येणाऱ्या त्रुटी कधी अधिक तर कधी उणे बाजूला पडतात. त्यांना यादृच्छिक त्रुटी म्हणतात. त्या एकमेकींना अंशतः छेद देतात आणि म्हणून अंतराच्या प्रमाणात न वाढता अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. अंतर चौपट झाले की त्रुटी दुप्पट होते. याउलट दंडाची लांबी मुळातच चुकीची असणे, मऊ जमिनीत दंड वा तिपाई हळूहळू खचणे, दृष्टिरेषा एकाच बाजूला झुकलेली असणे यांमुळे उद्भवणाऱ्या त्रुटी नेहमी एकाच दिशेने साचत जातात. त्यांना क्रमबद्ध त्रुटी म्हणतात. पृथ्वीच्या वक्रतेचा परिणामही याच जातीचा आहे. एक किमी. अंतरावर वक्रतेमुळे सु. ७८ मिमी. इतका फरक पडतो व हवेतील वक्रीभवन लक्षात घेता तो सु. ६७ मिमी. उरतो. दुर्बीण दोन्ही दंडांपासून समान अंतरावर ठेवली, तर हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच मागील व पुढील अंतरे समान ठेवण्याचा नियम उच्च प्रतीच्या कामात कटाक्षाने पाळतात.

वर्गीकरणाचे नेहमीचे सूत्र या विवेचनातूनच निघते. रेषा वळवून मूळ बिंदूवर परत आणली किंवा तीच रेषा उलट दिशेने पुन्हा मोजली, तर दोन उत्तरांत थोडा फरक उरतो. त्याला मीलन-त्रुटी म्हणतात. रेषेची लांबी क किमी. असल्यास ग्राह्य मीलन-त्रुटी स√क मिमी. अशी मांडतात. यातील स हा स्थिरांक कामाची प्रत दाखवितो. तो जितका लहान तितके काम वरच्या प्रतीचे.

उंची काढण्याच्या पद्धती व त्यांची प्रत : पातळीमापन ही उंची काढण्याची एकमेव रीत नव्हे. वायुभारमापकाने उंची काढताना हवेच्या दाबात एक मिलिबार फरक पडला, तर समुद्रसपाटीजवळ उंचीत सु. ८ मी. फरक पडतो, त्यामुळे ही पद्धत प्रवासी व गिर्यारोहक यांच्यापुरती राहिली. त्रिकोणमितीय पद्धतीत दूरच्या शिखराचा उन्नतकोन मोजून उंची काढतात. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ केला, त्यात हीच पद्धत वापरली जात होती. लॅम्टन यांचा मृत्यू १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे झाला व पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम चालविले. या पद्धतीचा सर्वांत मोठा अडथळा म्हणजे वक्रीभवन होय. हवेच्या निरनिराळ्या तापमानाच्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतो आणि तो किती वाकला हे नेमके सांगता येत नाही. १८५६ मध्ये जाहीर झालेली एव्हरेस्ट शिखराची उंची २९,००२ फूट, म्हणजे सु. ८,८४० मी. होती, भारतीय सर्वेक्षण विभागाने १९५५ मध्ये ती ८,८४८ मी. ठरविली व २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी ८,८४८.८६ मी. हा आकडा संयुक्तपणे जाहीर केला. मैदानातून दीडशे किमी.हून अधिक अंतरावरून केलेल्या मापनात आठ-नऊ मीटरांचाच फरक राहावा, हे त्या काळच्या निरीक्षकांचे व गणकांचे मोठे यश होय. तथापि २९,००२ या आकड्यातील शेवटच्या दोन फुटांना त्या पद्धतीच्या अचूकतेचा आधार नव्हता, हेही त्यावरून दिसून येते.

भारतातील पातळीमापनाचा इतिहास : त्रिकोणमितीय उंचीच्या या मर्यादा ध्यानात आल्यामुळे आणि आधाररेषांची समुद्रसपाटीपासूनची उंची नेमकी कळणे गरजेचे असल्यामुळे भारतात १८५८ मध्ये अचूक पातळीमापनास प्रारंभ झाला. पुढे महासर्वेक्षक झालेले जेम्स टॉमस वॉकर यांच्या देखरेखीखाली कराचीच्या समुद्रपातळीपासून उत्तरेकडे रेषा नेण्यात आली. याच अर्धशतकात देशभर लोहमार्ग व कालवे पसरत होते. कालव्याला दर किलोमीटरमागे काही सेंमी. एवढाच उतार द्यावयाचा असल्यामुळे दोन जिल्ह्यांच्या उंचीचे आकडे परस्परांशी जुळणे आवश्यक झाले. प्रत्येक खात्याने आपापली आधारपातळी धरली, तर एका खात्याचा कालवा दुसऱ्या खात्याच्या नकाशावर चढावर वाहताना दिसावा, अशी स्थिती होती.

आधारपातळीसाठी समुद्राचे निरीक्षण करणे क्रमप्राप्त होते. भारतीय किनाऱ्यावर भरतीमापक यंत्रांद्वारे पद्धतशीर निरीक्षणे १८७७ नंतर ए. डब्ल्यू. बेअर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाली. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ पासून उपलब्ध असून आशियातील सर्वांत दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. एका ठिकाणची समुद्रपातळी अनेक वर्षे सतत नोंदवून तिची सरासरी काढली की, माध्य समुद्रपातळी मिळते. लाटा, रोजची भरती-ओहोटी, अमावास्या व पौर्णिमेचे उधाण, मधल्या तिथींचा भांग आणि मोसमी वाऱ्यांचा हंगामी परिणाम हे सर्व त्या सरासरीत जिरून जातात.

१८५८ ते १९०९ या काळात मोजलेल्या रेषांचे एकत्रित गणित एस. जी. बरार्ड यांच्या नेतृत्वाखाली पूर्ण झाले. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम्, मद्रास, विशाखापट्टनम् आणि फॉल्स पॉइंट या नऊ ठिकाणची माध्य समुद्रपातळी शून्य मानून सर्व जाळे त्यांना जखडण्यात आले. हीच १९०९ ची भारतीय आधारपातळी होय. नकाशांवर, रेल्वे स्थानकांच्या फलकांवर आणि धरणांच्या आराखड्यांत ‘समुद्रसपाटीपासून’ म्हणून जे आकडे दिले जातात, ते बहुतांशी या शून्यावरून आले आहेत.

या कामाच्या पद्धतीत एक गुण आणि एक दोष होता. एकाच रेषेवर दोन निरीक्षक स्वतंत्र दुर्बिणी घेऊन एकामागून एक जात आणि त्यांची उत्तरे ठिकठिकाणी ताडून पाहिली जात. वाचनातील ठोकळ चुका त्यामुळे जागच्या जागी उघडकीस येत. परंतु दोघेही एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेळी व त्याच हवामानात पुढे सरकत असल्यामुळे क्रमबद्ध त्रुटी दोघांच्याही उत्तरांत सारखीच शिरे. दोघांचे एकमत हे मापन अचूक असल्याचा पुरावा ठरत नसे. म्हणून पुढील काळात तीच रेषा उलट दिशेने व शक्यतो निराळ्या दिवशी पुन्हा मोजण्याचा दंडक आला. भारतात दुसऱ्या, म्हणजे उच्च अचूकतेच्या जाळ्याचे काम १९१४ च्या सुमारास हाती घेण्यात आले आणि ते अनेक दशके चालले.

आंतरराष्ट्रीय व राष्ट्रीय वर्ग : निरनिराळ्या देशांची जाळी सीमेवर एकमेकांना जोडण्याची वेळ आली, तेव्हा ‘अचूक’ या शब्दाला सर्वमान्य अर्थ देणे भाग पडले. आंतरराष्ट्रीय भूगणित संघटनेच्या १९१२ च्या हँबर्ग येथील परिषदेत ‘उच्च अचूकतेचे पातळीमापन’ ही संज्ञा निश्चित करण्यात आली. रेषा दोन्ही दिशांनी मोजलेली असावी, तिच्यातील यादृच्छिक संभाव्य त्रुटी दर किलोमीटरला १ मिमी. पेक्षा व क्रमबद्ध संभाव्य त्रुटी दर किलोमीटरला ०.२ मिमी. पेक्षा अधिक नसावी, अशा अटी तीत होत्या. दोन्ही प्रकारच्या त्रुटी वेगळ्या मोजाव्यात, हे या व्याख्येचे वैशिष्ट्य होय. संभाव्य त्रुटी म्हणजे जिच्याहून लहान व जिच्याहून मोठ्या त्रुटी घडण्याची शक्यता सारखीच असते अशी त्रुटी. ती कमाल मर्यादा नव्हे, हे लक्षात ठेवावयास हवे.

अमेरिकेतील १९८४ च्या मानकांत तीन श्रेणी व त्यांचे उपवर्ग आहेत. बंद वळशातील ग्राह्य मीलन-त्रुटी प्रथम श्रेणीच्या पहिल्या वर्गासाठी ४√क, दुसऱ्या वर्गासाठी ५√क, द्वितीय श्रेणीच्या दोन वर्गांसाठी अनुक्रमे ६√क व ८√क आणि तृतीय श्रेणीसाठी १२√क मिमी. अशी आहे. केवळ त्रुटीची मर्यादा सांगून ही मानके थांबत नाहीत; कोणत्या प्रतीची दुर्बीण व दंड वापरावेत, दृष्टिरेषेची कमाल लांबी किती असावी, दोन्ही बाजूंच्या अंतरांत किती तफावत चालेल हेही ती ठरवून देतात. एखादा वळसा योगायोगाने उत्तम जुळला म्हणून साध्या साधनांनी केलेले काम प्रथम श्रेणीचे ठरत नाही, हा त्यामागील विचार आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कामात उच्च अचूकतेचे, दुहेरी तृतीयक व एकेरी तृतीयक अशी उतरंड आढळते. स्थापत्य अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत मात्र चार प्रकार रूढ आहेत : प्राथमिक पाहणीचे स्थूल पातळीमापन (१००√क मिमी.), रस्ते व इमारतींचे सामान्य पातळीमापन (२४√क मिमी.), मुख्य तलचिन्हे बसविण्यासाठी अचूक पातळीमापन (१२√क मिमी.) आणि दूरदूरच्या तलचिन्हांसाठी परिशुद्ध पातळीमापन (४√क मिमी.).

मीलन-त्रुटीची मर्यादा : मीलन-त्रुटी हा अचूकतेचा उपयुक्त निकष असला, तरी तो परिपूर्ण नाही. एखाद्या दंडाची लांबी दहा हजारांत एक भाग चुकीची आहे, असे समजू. कोकणातून बोरघाटाने सु. ६०० मी. चढून जाताना या दंडामुळे ६० मिमी. एवढी त्रुटी येईल. तोच दंड घेऊन रेषा परत खाली आणली, तर तीच त्रुटी उलट चिन्हाने येऊन उत्तर शून्य मिळेल आणि कागदावर काम निर्दोष दिसेल. घाट उतरून परत आल्याने ही त्रुटी कळत नाही. त्यासाठी दंड प्रमाणित लांबीशी ताडून पाहावे लागतात. लाकडी दंड दमट हवेत फुगतात व कोरड्या हवेत आक्रसतात. म्हणून वरच्या श्रेणीच्या कामात इन्व्हार या मिश्रधातूची पट्टी बसविलेले दंड आले. शार्ल एद्वार गीयोम यांनी १८९६ मध्ये शोधलेल्या या निकेल-पोलादाचे उष्णतेने होणारे प्रसरण साध्या पोलादाच्या सु. एक दशांश असते. या संशोधनाबद्दल गीयोम यांना १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नागपूरचा शून्य मैलाचा स्तंभ हे महाराष्ट्रातील प्रसिद्ध प्रमाण तलचिन्ह होय. १९०७ मध्ये उभारलेल्या या चिन्हाची उंची १,०२०.१७१ फूट, म्हणजे ३१०.९४८ मी. अशी नोंदलेली आहे. फुटाचा हजारावा भाग म्हणजे ०.३ मिमी. होय. मुंबईच्या समुद्रापासून नागपूरपर्यंतची रेषा सु. ८०० किमी. धरली आणि हँबर्गच्या व्याख्येतील दर किलोमीटरला १ मिमी. ही यादृच्छिक त्रुटी गृहीत धरली, तरी वर्गमुळाच्या नियमाने संभाव्य त्रुटी सु. २८ मिमी. येते. तेव्हा तिसऱ्या दशांश स्थळाचा उपयोग जवळपासच्या दोन तलचिन्हांतील फरक नोंदविण्यापुरता आहे. मुंबईच्या समुद्रापासून नागपूर किती उंच हे तो आकडा तितक्या बारकाईने सांगू शकत नाही. आकड्यांचा बारकावा आणि मापनाची अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आधारपातळ्यांची विविधता : उंचीची प्रत कितीही वरची असली, तरी शून्य कोठे मानला आहे याचा घोटाळा झाल्यास सर्व श्रम व्यर्थ जातात. मुंबईच्या परिसरात एकाच वेळी अनेक शून्ये वापरात आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे आकडे माध्य समुद्रपातळीपासून दिलेले असतात. नौकानयनाचे नकाशे व भरतीची कोष्टके यांचा शून्य मात्र नीचतम ओहोटीच्या आसपास असतो, कारण नाविकाला किमान किती पाणी मिळेल हे जाणून घ्यावयाचे असते. अपोलो बंदराजवळ माध्य समुद्रपातळी या नाविक शून्याच्या २.५१ मी. वर आहे. मुंबई महानगरपालिकेच्या जलनिःसारणाच्या आराखड्यांत टाउन हॉलच्या नावाने ओळखली जाणारी तिसरीच आधारपातळी वापरली जाते. वृत्तपत्रांत ‘साडेचार मीटरची भरती’ असे वाचून ती आपल्या घराच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी थेट ताडून पाहणे म्हणूनच चुकीचे ठरते. ती भरती माध्य समुद्रपातळीच्या १.९९ मी. एवढीच वर असते.

दिवाळे व बेलापूरचा खाडीकाठ : ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या खाडीकाठी उंचीचे ज्ञान पिढीजात आहे. खाजणात बांध घालून भाताची खाचरे व मिठागरे तयार करणाऱ्या आगरी व कोळी समाजांनी उधाणाच्या पाण्याची रेघ हीच आपली आधारपातळी मानली. बांध त्या रेघेच्या वर ठेवावयाचा आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी उघाडी ठेवावयाची, अशी ही रीत होती. मापन स्थानिक असल्यामुळे तेथे लांब अंतराची त्रुटी साचत नसे. या बांधांच्या संरक्षणासाठी १९४८ मध्ये मुंबई खार जमीन अधिनियम व १९७९ मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम करण्यात आला.

१७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची स्थापना झाली. त्यानंतर ठाणे व तत्कालीन कुलाबा या जिल्ह्यांतील ९५ गावांचा सु. ३४४ चौ. किमी. प्रदेश नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आला. बेलापूर व त्यालगतचे दिवाळे ही गावे याच प्रदेशात येतात. खाजणे व मिठागरे यांवर भराव घालून नगररचना होऊ लागली, तेव्हा उंचीचा प्रश्न गावाच्या बांधापुरता न राहता सबंध शहराच्या जलनिःसारणाचा झाला. सगळी जमीन उधाणाच्या वर नेण्याइतका भराव घालणे अतिशय खर्चाचे असल्यामुळे हॉलंडच्या धर्तीवर धारण तलावांची योजना करण्यात आली. खाडीच्या तोंडाशी असलेल्या तलावात पावसाचे पाणी साठते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात. तत्त्व जुन्या उघाडीचेच आहे. परंतु तलावाचा तळ, झडपेचा उंबरठा, नाल्यांचा उतार आणि रस्त्यांची उंची यांचे परस्परांशी असलेले नाते येथे काही सेंमी.च्या आत सांभाळावे लागते. एक हेक्टर तलावात १० सेंमी. उंचीचा हिशोब चुकला, तर १,००० घ. मी. पाण्याला जागा उरत नाही. पुढे गाळ साचून व खारफुटी वाढून यांपैकी काही तलावांची क्षमता घटली.

मुंबईस उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी नाविक शून्यापासून ४.४२ मी., म्हणजे माध्य समुद्रपातळीपासून १.९१ मी. उंच असते. खाडीत आत जाताना भरतीची वेळ व उंची थोडी बदलते. तरीही उदाहरणापुरता हाच आकडा धरू. दिवाळ्याच्या परिसरातील एखाद्या अंगणाची उंची नकाशावर २.०० मी. दाखविली असेल, तर ते अंगण सरासरी उधाणाच्या केवळ ९ सेंमी. वर आहे. ही उंची ३६ किमी. लांबीच्या रेषेने मुंबईहून आणली असे मानले, तर चार प्रकारच्या पातळीमापनांतील ग्राह्य मीलन-त्रुटी अनुक्रमे ६००, १४४, ७२ व २४ मिमी. येतात. पहिल्या दोन प्रकारांत त्रुटीची मर्यादाच त्या ९ सेंमी.पेक्षा मोठी असल्याने अंगण कोरडे राहील की बुडेल, याविषयी असा नकाशा काहीही सांगू शकत नाही. तिसऱ्या प्रकारात उत्तर बरेचसे भरवशाचे होते व चौथ्यात नि:शंकपणे देता येते. जागेवर दिसणारी जमीन एकच. निर्णय मात्र मापनाच्या वर्गानुसार बदलतो.

गावठाण आणि भोवतालचा भराव यांच्या बाबतीत तर केवळ सापेक्ष उंचीला महत्त्व आहे. नवे रस्ते व भूखंड जुन्या गावठाणापेक्षा हातभर उंच झाले, तर पावसाचे पाणी स्वाभाविकपणेच गावाकडे वळते. असा फरक एखाद्या किलोमीटरच्या आत मोजावयाचा असल्यामुळे तेथे सामान्य प्रतीचे पातळीमापनही पुरते, कारण १ किमी. अंतरात त्याची मर्यादा २४ मिमी. आहे. अट एवढीच की, गावठाण व भराव यांचे मापन एकाच तलचिन्हावरून केलेले असावे. भराव हळूहळू खचत असल्याने त्यावर बसविलेली तलचिन्हे अधूनमधून खडकावरील चिन्हाशी ताडून पाहणे इष्ट असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, तेव्हा मुंबई व परिसरातील सखल भागांत झालेल्या हाहाकाराने जमिनीच्या सूक्ष्म उंचीच्या नकाशांची निकड सर्वांस पटली.

आधुनिक साधने : १९५० मध्ये बाजारात आलेल्या स्वयंसमतल दुर्बिणींनी बुडबुडा जुळविण्याचा वेळ वाचविला. १९९० पासून अंकीय दुर्बिणी आल्या व त्या पट्ट्यांच्या संकेतावरून दंड स्वतःच वाचू लागल्या. उपग्रहांच्या साहाय्याने काही मिनिटांत उंची मिळते. परंतु ती पृथ्वीच्या गणिती विवृत्ताभापासूनची असते. प्रत्यक्ष समुद्रपातळीशी निगडित असलेला भूआभ मुंबईजवळ या विवृत्ताभाच्या साठ मीटरांहून अधिक खाली आहे. हे अंतर जितक्या अचूकतेने ज्ञात असेल, तितकीच उपग्रहावरून काढलेली उंची विश्वसनीय ठरते. पाणी गणिती पृष्ठानुसार वाहत नाही, गुरुत्वाकर्षणानुसार वाहते. १९०९ च्या गणितात गुरुत्वाकर्षणाची सैद्धांतिक मूल्ये वापरलेली होती. भारतीय सर्वेक्षण विभागाने तयार केलेल्या २००९ च्या नव्या आधारपातळीत प्रत्यक्ष मोजलेल्या गुरुत्वाकर्षणाचा उपयोग करण्यात आला आहे. निरनिराळ्या किनाऱ्यांवरील माध्य समुद्रपातळी नेमकी एकाच पृष्ठावर नसते, हेही आता सर्वमान्य आहे. गोड्या पाण्याचा मोठा पुरवठा असलेल्या बंगालच्या उपसागराची पातळी अरबी समुद्रापेक्षा थोडी उंच असते. नऊ ठिकाणी शून्य मानल्याने हा खरा फरक १९०९ च्या जाळ्यात त्रुटी समजून वाटून टाकला गेला होता.

अवकाशातून घेतलेल्या उंचीच्या नकाशांना तर वर्गाची जाणीव ठेवूनच हाताळावे लागते. २००० साली अवकाशयानातील रडारने केलेल्या जागतिक मापनाची अपेक्षित अचूकता १६ मी. होती. शिवाय रडारला दाट वस्तीत घरांची छपरे आणि खाडीत खारफुटीचे शेंडे दिसतात, जमीन दिसत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही त्रुटी सुधारल्यावर समुद्राच्या वाढत्या पातळीमुळे जगात धोक्यात येणाऱ्या लोकसंख्येचा अंदाज सु. तिप्पट झाला. समुद्र तेवढाच होता. बदलली ती जमिनीच्या उंचीच्या मापनाची प्रत.

अपोलो बंदरावरील दीर्घ नोंदींनुसार मुंबईची माध्य समुद्रपातळी वर्षाला सु. १ मिमी. या वेगाने वाढत आली आहे. शतकभरात ही वाढ दहा-एक सेंमी. होते, म्हणजे वर उदाहरणात घेतलेल्या अंगणाच्या ९ सेंमी. एवढीच. तेव्हा खाडीकाठच्या गावांसाठी उंचीचा आकडा देताना आधारपातळी, मापनाचे वर्ष आणि अचूकतेचा वर्ग या तिन्ही गोष्टी त्यासोबत नमूद करणे आवश्यक आहे. यांपैकी एक जरी गाळली, तरी तो आकडा बांधकामाच्या आराखड्यात वा पूररेषेच्या नकाशात वापरण्यास अपुरा ठरतो.